नानामामांची खतावणी

'अशी ही बनवाबनवी' हा सिनेमा आमच्या घरात किती वेळा पाहिला गेला याची मोजदाद नाही. पण नानामामांच्या शेजारी बसून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मी एकदाच पाहिला. रविवारी दुपारी जेवणं आटोपून दीडला बसलो आणि धनंजय माने आणि मंडळी सुखरूप सुटेपर्यंत दिवेलागण झाली. मधे दोनदा चहा झाला, एकदा पोहे झाले आणि शेजारच्या काकू इस्त्री मागून नेऊन, चार साड्या उरकून, ती परतही करून गेल्या. पडद्यावर तेव्हा मालकीणबाईंनी अजून जागासुद्धा दिली नव्हती.

नानामामा माझे मामेसासरे. बायकोचे सख्खे मामा. सासऱ्यांशी एक वेळ वाद घालता येतो. ते आपले म्हणून चिडतात, आपले म्हणून विसरतात. मामेसासऱ्यांशी तीही सोय नाही. त्यांनी बोलायचं आणि आपण 'हो मामा' म्हणायचं, एवढंच काय ते नातं. राहायला डोंबिवली, नोकरी एका बँकेत, निवृत्त होऊन आता पुष्कळ वर्षं झाली. चष्मा कायम कपाळावर. तो ते फक्त सिनेमा पाहताना नाकावर ओढतात. वर्तमानपत्र, विजेचं बिल आणि मामींचा चेहरा यांना चष्म्याशिवाय चालतं.

असा एक मनुष्य प्रत्येक कुटुंबात असतो. नायक-नायिका बागेत गाणं म्हणत असतात, घरातले सगळे त्यांच्याकडे बघत असतात आणि हा मात्र मागच्या बाकावर शेंगा खाणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघत असतो. गाणं रंगात आलं की हा विचारतो, "तो शेंगावाला कोण, माहितीये?" ते कुणालाच माहीत नसतं. त्यानंतर घरात जी शांतता पसरते, तिच्यावर हा मनुष्य जगतो. त्या शांततेत तो एक घोट चहा घेतो, मिशीवरून हात फिरवतो आणि मग सांगतो.

पूर्वी बरं होतं. टीव्हीवर सिनेमा लागायचा आणि तो मामांसाठी थांबायचा नाही. त्यामुळे मामांना धावती लोकल पकडल्यासारखं बोलावं लागे. एका नटाबद्दल जास्तीत जास्त दीड वाक्य. आता रिमोटवरचं एक बटण दाबलं की अख्खा सिनेमा हात बांधून उभा राहतो. ज्या शास्त्रज्ञाने ही सोय काढली, त्याला मामेसासरे नसावेत.

सुरुवातीला नावं येतात तेव्हा बाकीची मंडळी पाणी आणायला, पंखा वाढवायला, उशी घ्यायला उठतात. मामांच्या घरी या वेळी उठायला बंदी आहे. त्यांच्या मते तोच मुख्य कार्यक्रम, नंतरचा सिनेमा म्हणजे वरचा फराळ. त्या दिवशी वसंत सबनीसांचं नाव आलं आणि मामांनी पहिला थांबा घेतला.

"सबनीस! 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारा माणूस. 'सोंगाड्या' त्यांचाच. परशा घसरला म्हणून तुम्ही हसता ना जावईबापू, तो घसरतो सबनीसांच्या वाक्यावरून."

"मामा, परशा अजून आलाच नाहीये."

"येईल. त्याची काय घाई आहे?"

मामा स्वतः कधी हसत नाहीत, हे सांगायला हवं. म्हणजे त्यांना विनोद कळत नाही असं नव्हे. पण एखादी जोरदार जागा आली, आम्ही सगळे कोसळलो, की मामा एकीकडे मान तिरकी करून डोळे बारीक करतात. हातचा धरताना माणूस दिसतो तसे. आमचं हसू ओसरलं की त्यांचा ताळा लागलेला असतो.

चौघे मित्र पहिल्यांदा एका चौकटीत आले आणि मामांनी दुसरा थांबा घेतला. हा लांबला. लक्ष्मीकांत बेर्डे नेमका तोंड उघडताना अडकला होता. तो पंधरा मिनिटं तसाच आ वासून आमच्याकडे बघत होता. दहाव्या मिनिटाला मला त्याची दया यायला लागली आणि बाराव्या मिनिटाला वाटलं, त्यालाच आमची येत असावी.

"हा अशोक," मामा म्हणाले. अशोक सराफांना मामा आयुष्यात भेटलेले नाहीत, पण नट सगळे एकेरीत. स्वतःच्या धाकट्या साडूला मात्र 'अहो'. "स्टेट बँकेत होता. आमच्याच लायनीतला. काउंटरवर बसून माणसं पाहिलीत त्यानं. थाप मारताना त्याचा चेहरा बघा. 'साहेब जेवायला गेलेत' हे सांगायचा चेहरा आहे तो. आम्ही आयुष्यभर तोच लावला. पण नाटकात आला तो मामामुळे हं. गोपीनाथ सावकार त्याचे मामा. शिरवाडकरांच्या 'ययाति आणि देवयानी'त विदूषक केला त्यानं. मामा चांगला मिळाला की भाचरांचं भलं होतं."

इथे त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून भाचीने कुकरची शिट्टी दिली.

"हा लक्ष्या, आपला परशा. गिरगावात साहित्य संघात नोकरी करायचा. रोज दुसऱ्यांची नाटकं बघत. मग 'टूरटूर' आलं आणि लोकांना कळलं, हा कोण ते. यालाच घेऊन पुढे जब्बार पटेलांनी 'एक होता विदूषक' केला, १९९२ साली. लिहिला कुणी? पु. लं.नी. तेव्हा लोक म्हणाले, अरे, हा गंभीर पण करतो! करणारच. जो साडी नेसून पळू शकतो त्याला बसून रडायला काय होतंय?

"हा सचिन. याचे दुधाचे दात कॅमेऱ्यासमोर पडले. राजा परांजप्यांच्या 'हा माझा मार्ग एकला'मधलं पोर. पुढे 'शोले'त इमामांचा अहमद, 'नदिया के पार'चा नायक. आणि या सिनेमाचा दिग्दर्शकही तोच. आणि हा चौथा, सिद्धार्थ रे, हा साक्षात व्ही. शांतारामांचा नातू. मुलीचा मुलगा."

मग मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. ते सिद्धांताची वेळ झाल्याचं चिन्ह.

"म्हणजे बघा. एक बँकेच्या काउंटरवरून आला, एक साहित्य संघातून, एक थेट बालपणातून, एक शांतारामांच्या घरातून. चौघं चार गावचे. आणि राहतात कुठे? एका भाड्याच्या खोलीत. अहो, गोष्टीत त्यांना जागा मिळत नाही आणि सिनेमातही तेच चाललंय. सगळे पोटभाडेकरू!"

"मग मालकीण कोण?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"खुळेपणा," मामा म्हणाले. "ती मालकीण फार कडक. तिच्या घरात राहायचं तर अंगावर काहीही नेसायची तयारी लागते. आणि नेसलेलं सुटू द्यायचं नाही. ऐऱ्यागैऱ्याला तिच्याकडे जागा मिळत नाही. सामाजिक चित्रपटात एखादा नट कच्चा असला तर चालतो, गोष्ट सांभाळून घेते. इथे गोष्ट काय आहे सांभाळायला?"

मी आजवर उलटं समजत होतो. मला वाटे, चांगली माणसं अशा सिनेमात पैशासाठी किंवा मैत्रीखातर येतात, चार दिवस धिंगाणा घालतात आणि मग परत आपल्या मोठ्या कामाला लागतात. मामांच्या हिशेबात हेच मोठं काम होतं. मला ते पटलं असं नाही, पण पुढे सिनेमा बघताना माझं लक्ष मधूनमधून शेंगावाल्याकडे जायला लागलं, हे कबूल करतो.

हृषीकेश मुखर्जींचं नाव मामींनी काढलं. मूळ गोष्ट त्यांच्या १९६६च्या 'बीवी और मकान'ची, हे मामींनाही ठाऊक होतं. मामा खूश झाले. "तेच सांगतोय! पुढे 'आनंद' करणाऱ्या माणसालासुद्धा आधी या मालकिणीचं भाडं भरावं लागलं."

विजू खोटे आले तेव्हा मामांनी रिमोट ठेवला आणि पेन मागितलं. वर्तमानपत्राच्या समासात त्यांनी झाड काढायला घेतलं. विजू खोटे म्हणजे 'शोले'तला कालिया, एवढं मलाही माहीत होतं. ते मी लगबगीने सांगून टाकलं. मामांनी हाताने गप्प केलं. "ते सगळ्यांना माहितीये. 'शोले'तला कालिया आणि 'शोले'तला अहमद इथे पुन्हा भेटतात, हेही कुणीही सांगेल. पुढचं सांगा." पुढचं मला येत नव्हतं.

"शुभा खोट्यांचा हा भाऊ. वडील नंदू खोटे. आणि नंदू खोट्यांची भावजय कोण? दुर्गाबाई खोटे! म्हणजे हा दुर्गाबाईंच्या दिराचा मुलगा. दुर्गाबाई 'अयोध्येचा राजा'ची तारामती. १९३२. दिग्दर्शक व्ही. शांताराम. आता इकडे या." पेन समासातून सरकत सरकत हवामानाच्या अंदाजावर गेलं. "हा सिनेमा कुणाच्या घरातून निघाला? किरण शांताराम. नायकांतला एक शांतारामांचा नातू. म्हणजे तारामतीचा पुतण्या आणि शांतारामांचा नातू छप्पन्न वर्षांनी एका सिनेमात! आणि शांताराम स्वतः हयात आहेत, १९८८ साली. आहे की नाही?"

मामी म्हणाल्या, "आणि या सगळ्यात ती बिचारी नयनतारा कधीची दारात उभी आहे. तिला आत तरी येऊ द्या."

मालकीणबाई आत आल्या, जागेसाठी बायका पाहिजेत म्हणून चौघांतल्या दोघांनी साड्या नेसल्या आणि मामा उठून उभे राहिले. राष्ट्रगीताला उभं राहावं तसे. "बालगंधर्वांचा जन्म कधीचा?" सगळ्या घराला प्रश्न होता. कुणी बोललं नाही. "१८८८. आणि हा सिनेमा १९८८चा. शंभर वर्षं! आख्ख्या महाराष्ट्रात बालगंधर्वांची शताब्दी, आणि त्याच वर्षी परशाची पार्वती झाली. नारायणरावांच्या अंगावरचा शालू उतरत उतरत कुठे आला बघा. मधे अत्र्यांची 'मोरूची मावशी' झाली, मूळ 'चार्लीज आंट'. ती आपल्या विजय चव्हाणनं काय नेसवली होती! आणि तिथून इथे."

हा योगायोग त्यांनी शोधला की त्यांना कुठे वाचायला मिळाला, मला माहीत नाही. पण एवढं बोलून ते जे पुढे म्हणाले, ते मात्र वाचून येत नाही. ते म्हणाले, "सचिन बघा, तो बाई होतो. पदर, मान, हात, सगळं बाईचं. लक्ष्या बाई होतच नाही. तो बाई झालेला परशा होतो. चालता चालता विसरतो, मग आठवतं, मग जास्तच लाजतो. पहिलं अवघड आहे. दुसऱ्याला तर मोजमापच नाही."

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. खरंच तसं होतं. तीस-पस्तीस वर्षं मी दोघांना एकाच मापाने हसत आलो होतो.

मामींचा या सिनेमाशी संबंध वेगळा आहे. त्यांना अश्विनी भावेची लिंबू रंगाची साडी आठवते, निवेदिताची वेणी आठवते, सुप्रिया आणि प्रिया यांची कामं आठवतात, आणि कोण कुणाची पुढे खरोखरची बायको झाली तेही. सचिन-सुप्रियाचं लग्न आधीच झालं होतं. अशोक-निवेदिताचं नंतर, १९९०मध्ये. लक्ष्मीकांत-प्रियाचं त्याच्याही नंतर. "आणि सिनेमात मात्र निवेदिता सिद्धार्थच्या वाट्याला आणि अशोकला अश्विनी!" हे सांगताना मामी अजूनही जरा नाराज असतात. मामांच्या लेखी या नोंदी किरकोळ. लग्नं म्हणजे काय, कुणाचीही होतात.

मामा फक्त एका जागी गप्प बसले. सुधीर जोशी आले तेव्हा. विश्वासराव सर्पोतदार, धनंजय मान्यांचे पहिले घरमालक. रिमोट मामांनी स्वतः उचलून टीव्हीच्या शेजारी नेऊन ठेवला, चुकून बोट पडायला नको म्हणून. आणि सुधीर जोशींचं नाव ते पूर्ण घेतात. एकेरी नाही, अर्धं नाही.

मधुमेहाच्या औषधाचा तो प्रसंग महाराष्ट्रात ज्याला माहीत नाही असा मनुष्य सापडणं कठीण. औषध मिळणार इस्तंबूलला, ते आणणारा मित्र, त्यासाठी दिलेले सत्तर रुपये आणि मग त्या मित्राच्या निधनाची बातमी. वाक्यं सगळ्यांना पाठ. आमच्या घरात तर उसने दिलेले पैसे परत यायची आशा सुटली की ते वारले असंच जाहीर होतं; पैसे नेणारा शेजारच्या गल्लीत धडधाकट फिरत असतो. पण मामा वाक्यं ऐकत नव्हते. ते सुधीर जोशींचे डोळे बघत होते. प्रसंग संपला तेव्हा त्यांनी खोल श्वास घेतला.

"विनोद करणारे पायलीला पन्नास," ते म्हणाले. "विनोद ऐकून घेणारा नट दाखवा मला. हा माणूस काहीच करत नाही. ऐकतो. अशोक एकेक थाप टाकतोय आणि हा ती खरी मानून मनातल्या मनात हिशेब करतोय. मेलेल्या माणसाचं दुःख आधी करायचं की पैशांचं, एवढाच त्याच्यापुढे प्रश्न आहे. तो प्रश्न दिसतो, उत्तर दिसतं, मग वाक्य येतं. आणि आपण म्हणतो, वाक्य काय भारी होतं!" थोडं थांबून म्हणाले, "आमच्या बँकेत कर्ज बुडाल्याचं कळलं की मॅनेजरचा असाच चेहरा व्हायचा. पण तो काही नट नव्हता, त्याला ते आपोआप जमायचं."

चहाच्या वेळी मला खतावणी दाखवण्यात आली. हा मान जावयांना मिळतो, मुलग्यांना नाही. लाल पुठ्ठ्याची, बँकेतल्या जुन्या वळणाची वही. एका बाजूला सिनेमाचं नाव आणि त्यातला खुळेपणा थोडक्यात. समोर माणसं, आणि प्रत्येकापुढे त्याने दुसरीकडे काय काय केलंय त्याची जमा. 'झपाटलेला, १९९३: गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो.' समोर दिलीप प्रभावळकर: 'चिमणराव. नंतर महात्मा गांधी, लगे रहो मुन्नाभाई, २००६.' खाली लाल शाईत शेरा: 'तात्या विंचू आणि बापू, खाते एकच.' बाहुला रामदास पाध्यांचा, हीही नोंद. पुढे 'जाने भी दो यारों, १९८३: प्रेत घेऊन पळापळ.' समोर इतकी नावं की पान पुरलेलं नाही, चिकटपट्टी लावून दुसरं जोडलंय: नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, पंकज कपूर, प्रेताच्या कामात सतीश शाह, आणि अधोरेखित भक्ती बर्वे, आधीची 'ती फुलराणी'.

पानं उलटताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कुठल्याच सिनेमापुढे शेवट लिहिलेला नव्हता.

"मामा, 'बनवाबनवी'चा शेवट काय होतो?"

मामांनी आठवायचा प्रयत्न केला. "शेवटाला मारामारी आहे. नवीन कुणी येत नाही त्यात," ते म्हणाले. विषय संपला. मामी बशीत बिस्किटं ठेवत म्हणाल्या, "एवढा सिनेमा पाठ आहे यांना. पण साड्या का नेसल्यात ते विचारा."

मामांच्या या विद्येला एकच जागा अशी आहे, जिथे ती चालत नाही, आणि ती म्हणजे कुटुंब. दुर्गाबाई खोट्यांच्या दिराची मुलं ज्यांना तोंडपाठ, त्यांना स्वतःच्या चुलतबहिणीची मुलं एकदाही नीट सांगता आलेली नाहीत. मागच्या वैशाखात कल्याणला एक लग्न होतं. अक्षता पडल्या, पंक्ती अजून बसायच्या होत्या, पंख्याखाली आम्ही खुर्च्या धरून होतो. तेवढ्यात एक टक्कल पडलेले, सफारीतले गृहस्थ लगबगीने आले आणि मामांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "काय नानासाहेब! ओळखलंत की नाही?"

मामांच्या चेहऱ्यावर तो चेहरा आला. साहेब जेवायला गेलेत. "वा वा! म्हणजे काय! केव्हा आलात?" असं म्हणत त्यांनी हात हलवत ठेवला आणि दुसऱ्या हाताने माझा सदरा ओढला. कानाशी येऊन पुटपुटले, "जावईबापू, हा कोण?"

आठवडाभरापूर्वीच मामींनी मला त्यांच्या लग्नाचा अल्बम दाखवला होता. एवढी संधी आयुष्यात परत यायची नाही. मी चष्मा कपाळावर ढकलला.

"मामा, यांना तुम्ही पाहिलंय. छोटं काम होतं, पण लक्षात राहणारं."

"कशात?"

"तुमच्याच लग्नात. मामींना सख्खा भाऊ नाही, म्हणून कानपिळीला मावसभाऊ उभा राहिला होता. ते हे."

मामांचा हात आपोआप उजव्या कानाकडे गेला. डोळे बारीक झाले, मान तिरकी झाली. क्षणभर सगळं कार्यालय थांबवल्यासारखं वाटलं. मग चेहरा एकदम उजळला.

"बरोबर! तेव्हा केस होते याला. पण पिळला काय होता हो! चांगला लाल झाला होता." त्यांनी त्या गृहस्थांकडे नव्या आदराने पाहिलं, त्यांचा दंड धरला आणि तसंच ओढत त्यांना बायकांच्या बाजूला घेऊन निघाले. मामी मुलीकडच्यांशी बोलत बसल्या होत्या. मामांनी दुरूनच हाक मारली.

"अगं, इकडे बघ. हा कोण, माहितीये तुला?"